धर्मराजाचे डिपॉझिट

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणसाने काय व्हावे? आजोबा व्हावे, सोसायटीचा खजिनदार व्हावे, फार तर ज्येष्ठ नागरिक संघाचा उपाध्यक्ष व्हावे. मी भाडेकरू झालो. तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

त्याचे असे झाले की, आमची कोथरूडची तीन मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर म्हणाला, ‘तीन वर्षं बाहेर राहा, भाडं आम्ही देतो, परत याल तेव्हा लिफ्टनं वर जाल.’ लिफ्टने वर जाण्याच्या कल्पनेने आमच्या मजल्यावरच्या सगळ्याच गुडघ्यांनी एकमताने सह्या केल्या. भाडे मिळणार होते. प्रश्न होता तो फक्त घर मिळण्याचा, आणि पुण्यात पैसे असले की घर मिळते अशी माझी भाबडी समजूत होती. ती मोत्याने दूर केली.

मोत्या आमचा कुत्रा. जात अस्सल गावठी. हल्ली अशा कुत्र्यांना ‘इंडी’ म्हणायची पद्धत आहे, पण त्याने घरमालकाच्या कपाळावरची एकही आठी कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. शिवाय मनी नावाचे एक मांजर. तिची नोंद मी जाता जाताच करतो, कारण आपण कोणाच्या मालकीच्या आहोत हे तिला मान्य नाही.

मोत्याचे तसे नाही. तो आईचा. आई पंच्याऐंशीची. तिला ऐकू येत नाही आणि ते तिला कबूल नाही. कानाचे यंत्र कपाटात, वडिलांच्या चष्म्याशेजारी. दाराची बेल वाजली की मोत्या उठतो, आईजवळ जातो आणि तिच्या पदराला तोंडाने हलकेच ओढतो. हे त्याला कोणी शिकवले नाही. दोन वर्षांपूर्वी गॅसवर दूध उतू जाऊन ज्योत विझली, तेव्हाही त्याने पदरच ओढला होता. आम्ही दोघे त्या वेळी बाजारात होतो. असो. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या घरी कुत्रा हा शौक नाही. आईचे कान आहेत ते, आणि त्यांना शेपूट आहे.

हे सगळे एजंटला फोनवर सांगता येत नाही. एजंटचे प्रश्न ठरलेले असतात.

‘काका, फॅमिली का बॅचलर?’

‘फॅमिली.’

‘व्हेज का नॉनव्हेज?’

‘व्हेज.’ (इथे आईच्या तब्येतीच्या काळजीने खाल्लेली अंडी मी हिशेबात धरली नाहीत.)

‘मग काय, सोन्यासारखे टेनंट तुम्ही! पेट्स नाहीत ना?’

यानंतर जी शांतता पसरते ती मुलीचा बाप हुंड्याबद्दल विचारतो तेव्हाही पसरत नसेल. सोन्यासारखा टेनंट क्षणात पितळेचा होतो.

पहिले घर पाहिले ते कर्वेनगरला. मालक सज्जन. हॉलमध्ये दत्ताची सुंदर तसबीर, तिला ताजा हार. चहा झाला, मग मोत्याचा विषय निघाला. ते म्हणाले, ‘आमच्याकडे सोवळंओवळं असतं हो. कुत्रं कसं चालेल?’ मी तसबिरीकडे पाहिले. महाराजांच्या पायाशी एक नाही, दोन नाही, चार कुत्रे उभे होते! चार वेद म्हणून ते दत्ताजवळ शोभतात. पाचवा पदर ओढणारा मात्र दाराबाहेर. आता खंडोबाच्या भक्ताचे घर पाहावे म्हटले, तर तिथेही कुत्रा देवघरातच. एकूण आपल्याकडे कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा आहे, राजाच्या शेजारी आहे. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, त्याला म्हणे पालखीचा मान होता. एवढा मान देणाऱ्या मुलखात त्याला वन बीएचके मात्र मिळत नाही.

दुसऱ्या मालकीणबाईंच्या मांडीवर तर पांढरेशुभ्र विलायती कुत्रे बसले होते. मी मनात म्हटले, जमले. बाई म्हणाल्या, ‘आम्हाला डॉग्ज फार आवडतात. पण टेनंटना अलाउड नाही.’ त्यांच्या कुत्र्याने माझा मोजा चावायला घेतला होता, त्यामुळे मला नीट वाद घालता आला नाही.

तो वाद आता घालतो.

मालक म्हणतात, घाण होते. होते ना! पण ज्या इमारतीच्या जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांची रंगपंचमी बारमाही चालते आणि ती थांबवायला शेवटी देवादिकांच्या टाइल्स लावाव्या लागतात, तिथे पिचकारी मारणाऱ्याला कोणी ‘पान खाता का?’ असे विचारून घर देते? म्हणतात, आवाज होतो. मोत्या दिवसातून चारपाच वेळा भुंकतो. वरच्या मजल्यावरचे चिरंजीव ड्रम शिकतात, गणपतीत दहा दिवस भिंती हलतात, आणि तळमजल्यावरची मिक्सरबाई पहाटे चटणी वाटते. म्हणतात, नुकसान होते. अहो, मग डिपॉझिट कशासाठी घेता? सव्वा लाख रुपये तुमच्याकडे बिनव्याजी पडून राहणार, ते काय भाडेकरूच्या चेहऱ्याची ठेव म्हणून? दारावर ओरखडा आला तर कापून घ्या की. भिंतीवर आगगाडी काढणाऱ्या मुलाच्या बापाकडून तुम्ही घेताच.

कायद्याचेही मी वाचले. निवृत्त माणसाला वेळ असतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ सालची मार्गदर्शक सूचना आहे, की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. मी तिची प्रत खिशात घेऊन हिंडत होतो. पण खरी गोम पुढे आहे. सोसायटीचे हात बांधलेले असतात, मालकाचे मोकळे. लीव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांच्या करारात त्याने ‘प्राणी नाही’ असे एक कलम घातले की संपले, कारण सही करणारा आपण आणि गरजही आपली. प्राणिमात्रांवर दया करणे हे राज्यघटनेत १९७६ सालापासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. भाड्याने राहणारा नागरिक ते कर्तव्य कुठल्या खोलीत पार पाडणार, एवढेच लिहायचे राहिले आहे.

आणि याच्या उलट बाजू बघा. पाळलेले जनावर उपाशी मरायला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम असेल, आज त्यात दोन मिसळी येत नाहीत. म्हणजे कुत्रा सोडून दिला तर पन्नास रुपयांत सुटका. आणि कुत्रा सांभाळायचा म्हटले तर तिसऱ्या मालकाने मागितलेले डिपॉझिट अडीच लाख! कुठला व्यवहारी माणूस कुत्रा ठेवील?

हा व्यवहार आमच्या एजंटला बरोबर कळला होता. एके दिवशी तो समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘काका, तुम्ही उगीच टेन्शन घेता. कुत्रं इथंच राहू द्या. वॉचमन बघेल. बाकीच्यांनी नाही का केलं?’

बाकीच्यांनी केले होते, हे खरे. आमच्या खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड हलले, त्यांचे मांजर राहिले. वीज मीटर काढून नेलेल्या, खिडक्यांच्या चौकटी उपटलेल्या त्या इमारतीत ते रोज संध्याकाळी साडेसहाला त्याच बंद दारासमोर येऊन बसे, कारण साडेसहाला तिथला माणूस कचेरीतून येत असे. सौ. त्याला दूध ठेवी. ते दूध प्यायचे, आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसायचे. माणसे वाईट नव्हती हो. त्या बाई सामान चढवताना रडत होत्या. त्यांना जे घर मिळाले होते त्याच्या करारात ते कलम होते, एवढेच.

एजंटचे बोलणे आईला ऐकू गेले. नको ते तिला बरोबर ऐकू येते. ती म्हणाली, ‘मग माझीही खाट वॉचमनशेजारीच टाका.’

एजंट हसला. आई हसली नाही.

इथे मला एक कबुलीजबाब द्यायला हवा. सामान बांधताना सोसायटीच्या जुन्या कागदांत एक नोटीस सापडली. साल १९९८. ‘भाडेकरू सभासदांस कळविण्यात येते की, सदनिकेत कुत्रे, मांजर इत्यादी पाळण्यास सक्त मनाई आहे.’ खाली सचिव म्हणून सही. अक्षर ओळखीचे वाटले, म्हणून चष्मा लावून पाहिले. माझेच होते. दुसऱ्या मजल्यावर तेव्हा एक तरुण जोडपे भाड्याने राहत असे, त्यांच्याकडे काळे पिल्लू होते. नोटीस लागल्यावर महिन्याभरात ते गेले. कुठे गेले, पिल्लाचे काय झाले, मी विचारले नाही. मालक-सभासदाच्या कुत्र्याबद्दल नोटिशीत अवाक्षर नाही. ‘सक्त’ हा शब्द मात्र मी दोनदा अधोरेखित केला होता.

तेव्हा मालकांवर तोंडसुख घेताना मला थोडा खोकला येतो. त्यांच्याही बाजूने मी बोलू शकतो, कारण मी त्या बाजूला पस्तीस वर्षे राहिलो. काही कुत्रेवाले असतातच असे, की सकाळी फिरायला नेतात आणि मागचे उचलत नाहीत. दिवसभर जनावर बाल्कनीत कोंडून कामावर जातात, आणि मग ते रडते तेव्हा शेजारी ऐकतात. त्यांना जरूर बोला. लसीचे सर्टिफिकेट मागा, महापालिकेचा परवाना मागा, जाताना घर धुऊन रंगवून मागा. मी सगळ्यावर सही करीन. मोत्याला एकदा येऊन बघा तरी, एवढेच माझे म्हणणे होते. चौदा घरे झाली, बघायला एकही मालक आला नाही.

धर्मराजाचे बरे होते. स्वर्गाच्या दाराशी इंद्राने त्यालाही हेच कलम दाखवले होते: कुत्र्यासह प्रवेश नाही. धर्मराज म्हणाला, मग मलाही नको. सगळी भावंडे वाटेत पडलेली, पाय दुखताहेत, समोर रथ उभा, आणि हा माणूस एका भटक्या कुत्र्यासाठी अडून बसला! पण त्याला पंधरा तारखेच्या आत जागा खाली करून द्यायची नव्हती.

पंधरावे घर वारज्याला निघाले. तळमजला, दोन खोल्या, पुढे पेरूचे झाड. मालकीणबाई एकट्या, दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून राबलेल्या. त्यांनी विचारले, ‘चावतो का?’

‘नाही.’

‘भुंकतो का?’

खोटे बोलावे असे फार वाटले. ‘भुंकतो,’ मी म्हणालो.

‘मग हरकत नाही. मागच्या गल्लीत दोनदा चोरी झालीय.’ आणि मग जरा थांबून, ‘मांजर आहे म्हणालात ना? उंदीर फार झालेत.’

एक मांजर म्हणता म्हणता दोन झाली आहेत, हे मी त्यांना आठ दिवसांनी सांगितले.

करार नोंदवायला एजंटचा पोऱ्या लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीच आला. फोटो काढला, तर माझ्या खांद्यामागून मोत्याचा एक कान आणि अर्धा डोळा आला. पोऱ्या म्हणाला, ‘काका, परत काढू, रिजेक्ट होईल.’ परत काढला. मग अंगठा. माझा अंगठा काही केल्या उठेना. पुसला, ओला केला, पुन्हा पुसला. तीन वेळा यंत्राने मला मी मानायला नकार दिला. आई खाटेवरून सगळे पाहत होती. म्हणाली, ‘त्याचा लावून बघ. तो एका झटक्यात उठेल.’