टाके निघाल्यानंतर

कोलकात्याचे सियालदह हे देशातील अत्यंत गजबजलेल्या रेल्वेस्थानकांपैकी एक होय. बनगाव, कॅनिंग, डायमंड हार्बर या बाजूंच्या लोकलगाड्या येथे येतात आणि शहरातील रुग्णालयांकडे निघालेले आईबाप त्यांतून उतरतात. जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी पश्चिम बंगाल शासनाने २०१३ साली 'शिशुसाथी' योजना सुरू केली. त्याच वर्षी महाराष्ट्रात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. हजार नवजात बालकांमागे सुमारे आठ-नऊ बालकांना असा दोष असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या योजनांचे मोल कळते.

मात्र टाके निघाले की मूल कायमचे बरे झाले, हा समज घातक आहे. हृदयाच्या पडद्यातील साधे छिद्र वेळीच बंद केले, तर मूल पुढे बहुधा चारचौघांसारखे जगते. सर्वच दोष इतके सरळ नसतात. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या दोषात ओठ व नखे निळसर पडतात. अमेरिकेत वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ साली त्याची संपूर्ण दुरुस्ती प्रथम केली. तेव्हापासून अशी असंख्य मुले प्रौढ झाली. परंतु फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग रुंद करताना तेथील झडप पुष्कळदा निकामी होते. रक्त मागे फिरत राहते आणि हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो. माणूस वीस-तीस वर्षे शेतात राबतो, ओझी उचलतो. मग एके दिवशी धाप लागते, ठोके अनियमित होतात. हा बिघाड त्याआधीच तपासणीत दिसला, तर नवी झडप वेळेवर बसवता येते.

राष्ट्रीय कार्यक्रमाची मर्यादा मात्र अठरा वर्षांची आहे! पुढच्या तपासणीसाठी मजुराला दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मुलींच्या बाबतीत तर छातीवरचा व्रण लग्न ठरवताना लपवला जातो. गरोदरपणी हृदयावरील भार वाढतो, तेव्हा डॉक्टरांना पूर्वीच्या शस्त्रक्रियेची कल्पनाच नसते. या व्रणाची लाज कसली?

शासनाने अशा रुग्णांची तपासणी आयुष्यभर मोफत करावी. दोषाचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख व पुढील तपासणीचा दिवस मातृभाषेत लिहिलेला कागदही प्रत्येकाला द्यावा. किडलेल्या दातातील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचू शकतात. तेव्हा दंतवैद्याकडे जातानाही तो कागद जवळ असावा.