बंदुकीची पेटी आणि सामान्यांचे गाठोडे

अमेरिकेतील व्यावसायिक छायाचित्रकारांमध्ये एक युक्ती बऱ्याच वर्षांपासून प्रचलित आहे. महागडे कॅमेरे आणि भिंगे घेऊन विमानाने जाताना त्यांच्यापैकी काही जण सामानाच्या पेटीत मुद्दाम एक पिस्तूल ठेवतात. हे पिस्तूल कोणाला मारण्यासाठी नसते. धावण्याच्या शर्यतीला इशारा देण्यासाठी वापरतात तसले ते साधे पिस्तूल असते. परंतु विमानसुरक्षेच्या नियमांत तेही अग्निशस्त्रच गणले जाते. त्यामुळे पेटी विमान कंपनीच्या ताब्यात देताना शस्त्र असल्याचे सांगावे लागते, पेटी तपासली जाते, तिला भक्कम कुलूप लागते आणि मग ती सहसा वाटेत हरवत नाही, असा या मंडळींचा अनुभव आहे. कॅमेरा सुरक्षित पोहोचावा म्हणून पिस्तुलाची सोबत घ्यायची, असा हा उलटा व्यवहार आहे. वरवर पाहता ही एक गंमत वाटेल. वस्तुतः ती एका व्यवस्थेवरची अत्यंत मार्मिक टीका आहे. ती कोणा विचारवंताने केलेली नाही, तर त्या व्यवस्थेचे ग्राहक असलेल्या कारागिरांनी आपल्या व्यवहारातून केलेली आहे.

नियम काय आहेत हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेत प्रवाशाला अग्निशस्त्र स्वतःजवळ बाळगून विमानात बसता येत नाही. परंतु विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते नेता येते. त्यासाठी शस्त्र रिकामे असावे लागते, ते टणक कवचाच्या आणि पूर्ण बंद होणाऱ्या पेटीत ठेवून कुलूपबंद करावे लागते आणि कंपनीच्या खिडकीवर तसे निवेदन करावे लागते. काडतुसे त्यासाठीच बनविलेल्या खोक्यात नीट बांधावी लागतात. या सगळ्यात सर्वांत लक्षणीय तरतूद कुलपाची आहे. पेटीची किल्ली प्रवाशाजवळच राहते. शिवाय पेटीत बंदूक आहे असे सांगणारी कोणतीही खूण वा चिठ्ठी बाहेरच्या अंगाला लावण्यास तेथील संघराज्याच्या कायद्याने वाहतूक कंपन्यांना मनाई केली आहे. चोराला पत्ता लागू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

आता सामान्य प्रवाशाची पेटी पाहा. तिला कुलूप लावायचे असेल, तर सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण किल्लीने उघडेल असेच लावावे, अन्यथा तपासणीच्या वेळी ते तोडले जाऊ शकते. या सर्वसाधारण किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ साली एका अमेरिकन वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली त्यांच्या प्रतिकृती कोणालाही घरच्या घरी बनविता येतील असे आराखडे सर्वत्र पसरले. म्हणजे एका पेटीच्या किल्लीचा मालक एकटा प्रवासी, तर दुसऱ्या पेटीच्या किल्लीचा मालक कोण हे कोणीच सांगू शकत नाही. विमान तेच असते, फिरता पट्टाही तोच असतो आणि दोन्ही पेट्या उचलणारे कामगारांचे हातही तेच असतात. तरीही दोन पेट्यांना मिळणाऱ्या काळजीत एवढे अंतर का पडते?

याचे उत्तर यंत्रात नाही, उत्तरदायित्वात आहे. बंदूक हरवली तर तो सार्वजनिक प्रश्न होतो. पोलीस येतात, सुरक्षा यंत्रणा येते, कोणाच्या ताब्यातून पेटी गेली याची चौकशी होते. गरीब प्रवाशाचे गाठोडे हरवले तर तो कंपनीच्या जमाखर्चातील एक किरकोळ आकडा ठरतो. येथेच खरी मेख आहे.

हा आकडा किरकोळ राहावा याची व्यवस्था आंतरराष्ट्रीय कायद्यानेच करून ठेवली आहे. १९२९ च्या वॉर्सा कराराने सामानाच्या नुकसानीची जबाबदारी दर किलोला २५० सुवर्ण फ्रँक एवढीच ठरविली. विमान वाहतुकीचा धंदा तेव्हा बाल्यावस्थेत होता. मोठ्या भरपाईच्या ओझ्याखाली तो मोडून पडू नये, हा युक्तिवाद त्या काळी समजण्यासारखा होता. पण बाळ मोठे झाले तरी पाळणा तसाच राहिला. १९९९ च्या माँट्रियल कराराने वजनाऐवजी प्रवासी हे माप धरले आणि मर्यादा वाढविली. २००९ साली भारतही या कराराचा सदस्य झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा दर प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण हक्क, म्हणजे दोन हजार डॉलरांच्या आसपास आहे. याहून अधिक किमतीचे सामान असेल तर प्रवाशाने ते आधी घोषित करून जादा शुल्क भरावे, अशी तरतूद त्याच करारात आहे. ज्याला परवडते त्याने काळजी विकत घ्यावी आणि ज्याला परवडत नाही त्याने नशिबावर भरवसा ठेवावा, असा याचा सरळ अर्थ होतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कंपनी दोन खर्चांची तुलना करीत असते. एक खर्च सामान नीट सांभाळण्याचा, म्हणजे पुरेसे कामगार, यंत्रे आणि वेळ यांचा. दुसरा खर्च हरवलेल्या सामानाची भरपाई देण्याचा. दुसरा खर्च कायद्याने बांधून टाकला की पहिल्या खर्चात कपात करणे फायद्याचे ठरते. प्रवाशाच्या मनस्तापाची, लग्नाला वेळेवर न पोहोचलेल्या कपड्यांची, आजाऱ्याच्या औषधांची किंमत या हिशेबात येतच नाही; ती प्रवाशाच्या माथी मारली जाते. आणि सामान नेणे ही फुकटची मेहेरबानी आहे असेही आता उरलेले नाही. २००८ साली अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी पहिल्या बॅगेवरही शुल्क लावण्यास प्रारंभ केला. २०२३ साली त्या देशातील विमान कंपन्यांनी केवळ सामानाच्या शुल्कापोटी सात अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली. सेवेचे मोल स्वतंत्रपणे वसूल करायचे आणि सेवेची जबाबदारी मात्र मर्यादित ठेवायची, या व्यवहाराला मुक्त स्पर्धा असे गोंडस नाव दिले जाते.

या बाबतीत काहीच सुधारणा झाली नाही असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक पेटीची नोंद चार ठिकाणी झाली पाहिजे : प्रवाशाकडून ताब्यात घेताना, विमानात चढविताना, एका विमानातून दुसऱ्याकडे सोपविताना आणि प्रवाशाला परत देताना. या क्षेत्रात तंत्रज्ञान पुरविणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालांनुसार २००७ साली दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ पेट्यांची हेळसांड होत होती; २०२४ साली हे प्रमाण ६.३ वर आले. ही प्रगती मोलाची आहे. तथापि प्रमाण घटले तरी २०२४ मध्ये अशा पेट्यांची संख्या तीन कोटींहून अधिक होती, हेही त्याच अहवालात नमूद आहे. शिवाय नोंद ठेवणे आणि जबाबदारी घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेटी कोठे अडकली हे पडद्यावर दिसते, पण ती उचलून आणायला माणूस लागतोच.

हा माणूसच या कथेतून वगळला जातो. २०२० मध्ये साथीच्या काळात विमानतळांवरील हजारो कामगारांना घरी पाठविण्यात आले. संकट ओसरताच तिकिटांची विक्री जोरात सुरू झाली. कामगार मात्र तेवढ्याच तत्परतेने परतले नाहीत, कारण त्याच पडक्या मजुरीवर आणि कंत्राटी अटींवर परतण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. परिणाम २०२२ च्या उन्हाळ्यात जगाने पाहिला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर बेवारस बॅगांचे ढीग लागले. जुलै महिन्यात एका अमेरिकन कंपनीला प्रवाशांविना एक संपूर्ण विमान केवळ एक हजार बॅगा भरून लंडनहून डेट्रॉइटला न्यावे लागले. ॲमस्टरडॅमला त्याआधीच, एप्रिलमध्ये, सामान हाताळणाऱ्या कामगारांनी कंत्राटीकरणाविरुद्ध अचानक काम थांबविले होते. पुढे तेथील विमानतळाने कामगार संघटनांशी करार करून त्या उन्हाळ्यापुरती तासाला ५.२५ युरोची जादा मजुरी मान्य केली. हजारो संगणकांना जे साधले नाही, त्याची गुरुकिल्ली कोणाच्या हाती आहे हे या कराराने दाखवून दिले. हरवलेली बॅग हा कामगाराच्या निष्काळजीपणाचा पुरावा आहे असे मानण्याची घाई मध्यमवर्गीय प्रवाशाने करू नये. पुष्कळदा ती त्या कामगाराच्या रिकाम्या ठेवलेल्या जागेची खूण असते.

बंदुकीच्या पेटीची दुसरी बाजूही तितकीच विदारक आहे. ६ जानेवारी २०१७ रोजी अलास्कातील अँकरेजहून निघालेला एक प्रवासी फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलला उतरला. त्याने कंपनीच्या ताब्यात दिलेल्या एकमेव पेटीत पिस्तूल होते. सर्व नियम पाळले गेले होते. पेटी वाटेत हरवली नाही, उशिरा आली नाही. प्रवाशाने ती घेतली, स्वच्छतागृहात जाऊन पिस्तूल भरले आणि सामान घेण्याच्या दालनात गोळीबार करून पाच जणांचे प्राण घेतले. याच माणसाने दोन महिन्यांपूर्वी स्वतः तपास यंत्रणेच्या कचेरीत जाऊन आपली मनःस्थिती ठीक नसल्याचे सांगितले होते. त्या वेळी त्याचे शस्त्र काढून घेण्यात आले होते आणि महिनाभरात त्याला परतही करण्यात आले होते. कायद्याने बंदुकीची काळजी शेवटपर्यंत घेतली; सामानाची वाट पाहणाऱ्या माणसांची काळजी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली. विमानतळांवरील तपासणीत २०२४ साली प्रवाशांच्या हातसामानात ६,६७८ अग्निशस्त्रे सापडली आणि त्यांतील सुमारे ९४ टक्के भरलेली होती, असे तेथील सुरक्षा यंत्रणाच सांगते. शस्त्राच्या मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजात नियमांचे असेच होते : ते मालमत्तेचे रक्षण चोख करतात, माणसाचे रक्षण जमेल तेवढे करतात.

याचा अर्थ शस्त्र घेऊन प्रवास करणारा प्रत्येक जण संशयित आहे असा नव्हे. पॅरिस येथे २०२४ साली ऑलिंपिक कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा, पदक मिळविले त्या वेळी रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करीत असलेला तरुण आहे. त्याच्यासारख्या नेमबाजाची रायफल हे सुताराच्या रंध्यासारखे त्याचे हत्यार असते. ते सुरक्षित पोहोचणे हा त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी नोंद, कुलूप, तपासणी यांची शिस्त आवश्यकच आहे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या व्यवस्थेला रायफल सांभाळता येते तिला आखाताहून दोन वर्षांनी घरी परतणाऱ्या रत्नागिरीच्या मजुराची बॅग सांभाळणे अशक्य कसे?

ते अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. जानेवारी २०२४ पासून नागरी विमान सुरक्षा विभागाने सहा प्रमुख विमानतळांवर सामान किती वेळात पट्ट्यावर येते याची पाहणी सुरू केली आणि फेब्रुवारीत सात विमान कंपन्यांना लेखी आदेश दिला की, विमानाचे इंजिन बंद झाल्यापासून दहा मिनिटांत पहिली आणि तीस मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर आली पाहिजे. शासनाने घड्याळ हाती घेतले की कंपन्यांना वेळेचे भान येते. परंतु भरपाईच्या बाबतीत हे भान अद्याप अपुरे आहे. २०१९ साली केंद्रीय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या प्रवासी सनदेत देशांतर्गत प्रवासातील सामानासाठी भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये दाखविलेली आहे. वर्षाची बचत एका बॅगेत भरून आणणाऱ्या कुटुंबाची यातून भरपाई होत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. भरपाईची मर्यादा महागाईशी जोडावी. प्रत्येक कंपनीने दर महिन्याला हरवलेल्या व उशिरा पोहोचलेल्या पेट्यांचे आकडे जाहीर करावेत. सामान हाताळण्याचे काम कंत्राटदारांच्या साखळीतून सोडवून कायम कामगारांकडे, योग्य वेतनावर सोपवावे. कारण ज्याची नोकरीच उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याच्यावर दुसऱ्याच्या ठेवीची जबाबदारी टाकणे हा दोघांवरही अन्याय आहे. आणि तोवर कार्यकर्त्यांनी निदान एवढे तरी आपल्या परिसरातील प्रवाशांना समजावून द्यावे की, विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची तक्रार सात दिवसांत, तर उशिरा मिळालेल्या सामानाची तक्रार ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. आणि एकवीस दिवसांत सामान आलेच नाही, तर ते हरवले असे धरून भरपाई मागता येते. मुदत उलटली की हक्कही बुडतो. कागद हेच दुर्बळाचे कुलूप आहे.

छायाचित्रकाराच्या त्या पिस्तुलाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे. काळजी घेण्याची क्षमता व्यवस्थेत आहे. इच्छा मात्र भीतीपोटी जागी होते. आज ती भीती शस्त्राची आहे. लोकशाहीत ती कायद्याची आणि संघटित नागरिकांची असली पाहिजे.