हाती आलेली जागा आणि पुढल्या वर्षीची परीक्षा

वैद्यकीय प्रवेशफेऱ्यांच्या याद्या लागू लागल्या की वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथील अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला एम.बी.बी.एस.ची जागा मिळालेली नसते; पण आयुर्वेदाच्या, होमिओपॅथीच्या किंवा दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात ती मिळत असते. ती स्वीकारावी, की सोडून देऊन अकोला, लातूर किंवा कोटा येथील शिकवणीवर्गात आणखी एक वर्ष काढावे? निर्णयाला चार-पाच दिवस मिळतात आणि सल्लागार मात्र डझनभर असतात. एवढ्या अवधीत जो निर्णय होतो, तो बहुधा हिशेबापेक्षा निराशेतून किंवा अभिमानातून झालेला असतो.

हिशेबाची पहिली बाजू स्पर्धेची आहे. २०२५ साली ‘नीट’ ही परीक्षा देशात सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी दिली आणि त्यांतील १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले. एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र शासकीय आणि खासगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ जणांना ही जागा मिळणे गणितानेच अशक्य आहे. ‘पात्र’ हा शब्द येथे फार दिशाभूल करतो. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा २०२४ साली ७२० पैकी १६२ गुणांवर होती आणि २०२५ साली १४४ वर आली. ही रेषा ओलांडणे आणि शासकीय महाविद्यालयाच्या दारात उभे राहणे यांत शेकडो गुणांचे अंतर आहे, हे पालकांना पहिली फेरी संपेपर्यंत कोणी सांगत नाही.

गुणांची गोष्ट आणखी फसवी आहे. २०२४ साली सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५ साली देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते. प्रश्नपत्रिका एका वर्षी सोपी आणि दुसऱ्या वर्षी कठीण निघाली, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा ‘यंदा तीस गुणांनी जागा हुकली, पुढल्या वर्षी तीस गुण वाढवू’ या वाक्याला आधार नाही. मोजायचे ते गुण नव्हेत, गुणवत्ता यादीतील क्रमांक. आणि जागा किती क्रमांकांनी हुकली हे ज्याला सांगता येत नाही, त्याने पुन्हा परीक्षेला बसण्याचा निर्णय अंधारातच घेतलेला असतो.

वाशीमपुरते बोलायचे तर ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या जिल्ह्याचेही नाव आहे. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि नीती आयोगाने २०१८ साली ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या जिल्ह्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. पण ‘आता आपल्याच गावात कॉलेज झाले, पुढल्या वर्षी मुलगा लागेलच’ असा जो निष्कर्ष चावडीवर काढला जातो, तो खरा नाही. या महाविद्यालयाच्या १०० जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या यादीतून भरल्या जातात. विदर्भातील सत्तर टक्के जागा विदर्भातील विद्यार्थ्यांना देणारी जुनी विभागवार पद्धत २०२० साली रद्द झाली. इमारत वाशीमला उभी राहिली म्हणून मालेगाव-मानोऱ्याच्या विद्यार्थ्याला एकही जागा राखून ठेवलेली नाही. राज्यातील एकूण जागा वाढल्या, एवढाच त्याचा लाभ, आणि तो लाभ सांगली-नाशिकच्या विद्यार्थ्यालाही तितकाच आहे.

आता पैशाची बाजू. शिकवणी, वसतिगृह, खानावळ आणि चाचणी-परीक्षा मिळून वर्षाला दीड लाख रुपये लागतात असे धरले, तर २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावाने ते २८ क्विंटल सोयाबीन होते. एकरी सहा क्विंटलांचा उतारा धरला तर जवळजवळ पाच एकरांचे अख्खे पीक, तेही बियाणे, फवारणी आणि मजुरी वजा न करता. आणि बाजार समितीत हमीभाव पदरात पडतोच असेही नाही. नोकरदाराच्या घरी हीच रक्कम भविष्यनिर्वाह निधीतून निघते. ‘एक वर्ष तर आहे’ असे म्हणताना हा आकडा कोणी उच्चारत नाही.

उलट, वर्ष वाया जाण्याची जी भीती घातली जाते ती बरीच अतिरंजित आहे. अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी दुसरी हातची जाते तिचे मोल, ते येथे नेमके कोणते? एका वर्षाने उशिरा डॉक्टर होणारा आपल्या कारकीर्दीचे शेवटचे वर्ष गमावतो, पहिले नव्हे. ते वर्ष सर्वांत जास्त कमाईचे असते हे खरे; पण खासगी व्यवसाय करणारा डॉक्टर निवृत्त कधी होतो, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे. खुल्या व्यवस्थापन कोट्यातील खासगी जागा हाती असेल, तर तिचे शुल्क साडेचार वर्षे भरायचे असते. पुन्हा परीक्षेला बसण्याचा खर्च एकदाच करायचा असतो. अशा घरात एक वर्ष थांबणे ही चैन नव्हे, काटकसरही ठरू शकते. मात्र शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाची जागा हाती असताना तिच्यावर पाणी सोडणाऱ्याचा हिशेब याच्या नेमका उलट होतो.

खरा प्रश्न निराळाच आहे: दुसऱ्या वेळी काय बदलणार? बारावी आणि ‘नीट’चा अभ्यास एकत्र झाला नाही, गावात भौतिकशास्त्राला शिक्षकच नव्हता, ऐन परीक्षेत घरी आजारपण होते, अशी बोट ठेवून दाखवता येण्याजोगी कारणे असतील तर दुसरा प्रयत्न शहाणपणाचा आहे. कारण सांगता येत नसेल आणि पुन्हा तेच वर्ग, त्याच वह्या असतील, तर निकालही बहुधा तोच लागतो. शिकवणीवर्गांच्या फलकांवर यशस्वी ‘रिपीटर’ विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. त्यांच्याच बाकावर बसून हरलेल्यांचा फलक कोणी लावत नाही. तिसऱ्या प्रयत्नाविषयी तर ‘दोन वर्षे गेलीच आहेत, आता कशाला सोडायचे?’ असा युक्तिवाद होतो. गेलेली दोन वर्षे कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. त्यांना तिसऱ्याचे कारण करणे म्हणजे बुडालेल्या रकमेवर व्याज भरत राहणे आहे. कमाल वयोमर्यादा २०२२ साली उठली आणि किती वेळा बसावे यावरही बंधन नाही. कायद्याने थांबवण्याचे सोडून दिल्यावर थांबण्याची रेषा घरातच आखावी लागते.

हाती आलेल्या जागेचे मोलही नीट जाणून घेतले जात नाही. आयुर्वेदाच्या पदवीधराला महाराष्ट्रात १९९२ च्या शासकीय अधिसूचनेनुसार प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. ग्रामीण उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी बव्हंशी याच पदवीचे असतात. खेड्यातील रुग्ण प्रथम त्यांच्याकडेच जातो. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी २०१४ साली कायदा बदलून औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट काढली गेली. परंतु त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. त्या वाटेवर भरवसा ठेवताना हा वाद विसरू नये. दंतवैद्यकाला व्यवसाय थाटतानाच यंत्रसामग्रीसाठी भांडवल लागते. ज्याला आयुर्वेद शिकायचा आहे त्याला ती जागा दुय्यम नाही. ज्याला तो मागच्या दाराने ॲलोपॅथीत शिरण्यासाठी हवा आहे, त्याला ती साडेपाच वर्षे फार लांब वाटतील.

मुलींच्या बाबतीत हिशेबात आणखी एक रकाना असतो, आणि तो कोणी मोठ्याने वाचत नाही. मुलाचे ‘गॅपचे वर्ष’ तयारीचे मानले जाते. मुलीच्या त्याच वर्षात स्थळे येऊ लागतात. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, परंतु ते केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेपुरतेच. अशी जागा हाती असलेल्या मुलीला घरी बसवून ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणणारा बाप नेमके काय पाहू म्हणतो आहे, हे तिने त्याला विचारून घेतलेले बरे.

उरला मधला मार्ग: जागा घ्यायची, वर्गात नाव ठेवायचे आणि खोलीत बसून ‘नीट’चाच अभ्यास करायचा. याला व्यवहारचातुर्य समजले जाते. प्रत्यक्षात शरीररचनेचे विच्छेदन, संस्कृतचे पाठ आणि हजेरी यांतून उरलेल्या वेळेत परीक्षेची तयारी होत नाही, आणि परीक्षेच्या चिंतेत पहिले वर्षही पदरात पडत नाही. अंतिम मुदतीनंतर नाव काढले तर ती जागा बहुधा रिकामीच राहते आणि यादीत खाली थांबलेल्या, ती मनापासून हवी असलेल्या विद्यार्थ्यालाही मुकावे लागते. मुदत कोणती आणि तीनंतर जागा सोडल्यास काय भरावे लागते, हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी घरातील किती जणांनी ती उघडून पाहिलेली असते?