पहारा की राखण?

गोंदिया शहराला खेटून वसलेल्या कुडव्यात सकाळ उजाडली की घरातील कर्ती माणसे कामाला बाहेर पडतात. कोणी राईस मिलमध्ये, कोणी बांधकामावर, कोणी शहरातील दुकानात; आणि आसपासच्या बांध्यांत रोवणी सुरू झाली म्हणजे बायाबापड्यांना दिवसभर चिखलातून वर येण्याचीही उसंत नसते. मागे घरी राहते ते पोर आणि त्याच्या हातातील मोबाईल. २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाच्या नावाने हे यंत्र अनेक गरीब घरांत उसनवारी करून आणले गेले. शाळा पुढे उघडल्या. यंत्र मात्र घरातच राहिले. आज पालक एकमेकांना विचारीत आहेत, "मुलांच्या मोबाईलवर पहारा ठेवणारे ते सॉफ्टवेअर म्हणतात, त्यांपैकी कोणते घ्यावे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पोटच्या पोराची काळजी वाहणाऱ्या आईबापांना त्याचे सरळ उत्तर मिळाले पाहिजे.

बाजारात ही सॉफ्टवेअर पुष्कळ असली, तरी त्यांच्या जाती मुख्यतः दोनच आहेत. पहिली जात कुंपण घालणारी. मोबाईल किती वेळ चालावा, रात्री तो कधी बंद व्हावा, कोणते ॲप घेता यावे, हे ती पालकांच्या हाती देते. गूगलचे 'फॅमिली लिंक' ह्या जातीचे असून त्याला दाम पडत नाही. ॲपलच्या फोनमध्ये 'स्क्रीन टाइम' ही सोय २०१८ पासून आहे. दुसरी जात हेरगिरी करणारी. मुलाला पत्ता लागू न देता त्याचे निरोप वाचावे, छायाचित्रे पाहावी, त्याने कोणाला काय लिहिले ते टिपून ठेवावे, असा तिचा धंदा. हिची जाहिरात अधिक भडक असते आणि घाबरलेला बाप तिलाच प्रथम भुलतो.

आमचे स्पष्ट मत असे की, ह्या दुसऱ्या जातीला घरात पाऊल ठेवू देऊ नये. एक तर हेर ज्याच्यासाठी हेरगिरी करतो, त्याच्याशी तरी तो इमानी राहील ह्याची शाश्वती कोणी द्यावी? अमेरिकेत 'टीनसेफ' नावाचे असेच एक ॲप होते. मुलांच्या रक्षणासाठी म्हणून पालकांनी ते विश्वासाने घेतले. आणि २०१८ साली उघडकीस आले की, हजारो मुलांच्या खात्यांचे परवलीचे शब्द त्या कंपनीने कोणालाही वाचता यावेत अशा स्थितीत उघडे टाकले होते. चोराच्या भीतीने राखणदार ठेवावा आणि त्याने किल्ल्या चव्हाट्यावर टांगाव्या, त्यातलाच हा प्रकार.

परंतु ह्याहून मोठे कारण वेगळेच आहे. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा वर्गात दप्तरांची अचानक झडती घेण्याची रीत होती. एका मुलाच्या दप्तरात रहस्यकथांचे पुस्तक सापडले. आम्ही ते जप्त केले आणि आपण मोठे कर्तव्य बजावले असे मानले. त्या दिवसानंतर त्याच्या दप्तरात एकही पुस्तक सापडले नाही. पुढे कळले की, ती पुस्तके शाळेमागच्या पडवीत लपवली जात होती. झडतीने त्या मुलाचे वाचन सुटले नाही. सुटले ते आमच्याशी बोलणे. ही चूक आम्हांला उशिरा उमगली.

दप्तरातल्या पुस्तकाने कोणाचा जीव जात नव्हता. मोबाईलवरील संकट तसे नाही. अनोळखी माणूस मैत्रीचे सोंग घेऊन मुलीकडून एखादे छायाचित्र मिळवतो आणि मग "घरी सांगशील तर सर्वांना दाखवीन" अशी धमकी देतो. त्याचे सारे बळ त्या मुलीच्या भीतीत असते. ती त्याच रात्री आईच्या कुशीत शिरून रडली, तर त्याचा डाव तिथेच संपतो. १०९८ ह्या बाल-मदतवाहिनीवर दूरध्वनी करता येतो, पोलिसांकडे जाता येते, २०१२ च्या पॉक्सो कायद्याचा आधार घेता येतो. पण आई आपले निरोप चोरून वाचते हे जिला ठाऊक झाले आहे, ती आईजवळ का जाईल? कोणते सॉफ्टवेअर घ्यावे ह्या प्रश्नाची कसोटी येथे आहे. जे मुलाला समोर बसवून, कारण सांगून, उघडपणे लावता येईल तेच घ्यावे. जे लपवावे लागते ते घेऊ नये.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. लहान मुलाला बंधन कडक हवे; ते जसजसे मोठे होईल तसतसे सैल करीत गेले पाहिजे. सहा वर्षांच्या पोराला आणि सोळा वर्षांच्या तरुणाला एकच कुंपण घालणे हा शहाणपणा नव्हे. दुसरे असे की, आमच्याकडील पुष्कळ घरांत मुलाचा वेगळा मोबाईल नसतोच. बापाचाच संध्याकाळी त्याच्या हाती जातो. तेथे महागडे सॉफ्टवेअर व्यर्थ होय. लहानग्यांसाठी 'यूट्यूब किड्स' वेगळे ठेवावे, ॲन्ड्रॉइड फोनमधील 'ॲप पिनिंग' वापरून मुलाला एकाच ॲपमध्ये थांबवावे, आणि पैशांच्या व्यवहाराचा पिन कोणत्याही परिस्थितीत मुलाला सांगू नये. ह्याला एक पैसा खर्च येत नाही.

तथापि सारा भार एकट्या आईबापांवर टाकून समाजाने हात झटकावे हे आम्हांला मान्य नाही. ज्या आईला मोबाईलवरील इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत, तिला "सेटिंग बदला" असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना बंदी घालून कंपन्यांनाच जबाबदार धरले. आपल्याकडे २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, परंतु अंमलबजावणी मात्र टप्प्याटप्प्याने व्हावयाची. तोवर मुले काही वाढावयाची थांबणार नाहीत.

कायद्याची वाट न पाहता काय करता येते, हे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या खेड्याने दाखवून दिले आहे. २०२२ साली तेथील ग्रामस्थांनी ठराव केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतात. मुलांचा बंद होतो तसा बापाचाही होतो, हे त्यातील खरे मर्म. जे बंधन मोठी माणसे स्वतः पाळतात ते मुलांना जाचक वाटत नाही.

कुडव्याला हे अशक्य आहे काय? शाळांनी पालकांची एक सभा बोलवावी; वरच्या वर्गांतील जाणत्या मुलांनीच आईबापांच्या मोबाईलवर ह्या सोयी मराठीत व हिंदीत समजावून लावून द्याव्या. गावाच्या कारभाऱ्यांनी संध्याकाळचा एक तास निश्चित करावा. सॉफ्टवेअर हे कुंपण आहे. ते अवश्य घालावे. परंतु बांधीला कुंपण घातले म्हणून शेतकरी घरी झोपून राहत नाही, तो धुऱ्यावर फेरी मारतोच. दिवसभर राबून घरी आलेल्या बापाने पोराजवळ घटकाभर बसून "आज काय पाहिलेस?" एवढे विचारले, आणि उत्तर ऐकून हात उगारला नाही, तर राखणीचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.