वर्गातले पाणी : नुसता वास घालवून भागणार नाही



गेल्या महिन्यात आपल्या वर्गाच्या समितीने दोन गोष्टी ठरवल्या. दर रविवारी पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणणे बंद करायचे, आणि हॉलच्या सिंकपाशी फिल्टरचा जग ठेवायचा. पहिली गोष्ट आम्हा मोठ्या गटाला एकदम मान्य आहे, कारण ते खोके बेसमेंटपर्यंत उचलून आम्हीच आणतो! दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र आम्हाला बोलायचे आहे. जो जग पसंत केला आहे, त्यावर 'क्लोरीनची चव व वास कमी करतो' एवढेच लिहिले आहे. वॉशिंग्टनसारख्या शहरात, आणि आपल्या हॉलसारख्या जुन्या इमारतीत, तेवढे पुरेसे नाही असे आमचे मत आहे.

आधी वासाविषयी, कारण तक्रार त्याचीच होती. आपल्या शहराचे पाणी पोटोमॅक नदीतून येते. नोव्हेंबर २००० पर्यंत नळाच्या पाण्यात क्लोरीन असे. नदीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली द्रव्ये तयार होतात. ती कमी व्हावीत म्हणून त्या महिन्यापासून क्लोरीनला अमोनियाची जोड देऊन क्लोरामाईन वापरू लागले. आता बहुतेक वर्षभर पाण्यात क्लोरामाईन असतो. फक्त साधारण मार्चच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत, पाइप आतून स्वच्छ राहावेत म्हणून, पुन्हा नुसता क्लोरीन सोडतात. 'पाण्याला स्विमिंग पूलचा वास येतो' ही कुरकुर त्याच दिवसांत जास्त ऐकू येते.

आमच्यातल्या एकीच्या आजी दर वर्षी साताऱ्याकडून येतात. त्या रात्री पातेल्यात पाणी काढून उघडे ठेवतात आणि सकाळी तेच चहाला घेतात. त्यांच्या गावी पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकत. त्या दिवशी चहालासुद्धा वास यायचा, पण कोणी नाक मुरडत नसे. वास आला म्हणजे पाणी निर्धोक, असे सगळे समजत. आजींची युक्ती क्लोरीनसाठी अगदी बरोबर आहे, तो रात्रभरात उडून जातो. पण क्लोरामाईन असा सहज उडत नाही, आणि उकळूनही लवकर जात नाही. हे आम्हाला फार वाईट रीतीने कळले. बालगटाच्या काचेच्या टाकीतले तीन गोल्डफिश आठवतात ना? पाणी रात्रभर ठेवून मगच टाकीत भरले होते. तरी सोमवारपर्यंत तिन्ही गेले. क्लोरामाईन कल्ल्यांतून थेट माशांच्या रक्तात जातो. आपण पितो तेव्हा तो पोटातच निष्प्रभ होतो, म्हणून आपल्याला तसा त्रास होत नाही. डायलिसिसच्या पेशंटचे रक्त मात्र पाण्याच्या फार जवळ येते, म्हणून तिथे तो पाण्यातून पूर्ण काढावाच लागतो.

तेव्हा क्लोरीन किंवा क्लोरामाईन म्हणजे विष, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात कायम क्लोरीन घालायला सुरुवात केली. पुढे इतर शहरांनी तेच केले आणि टायफॉइड झपाट्याने कमी झाला. दोन्हींसाठी सरकारी मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. आमचे म्हणणे असे, की त्याने पाण्याला आपल्या दारापर्यंत सोबत करावी आणि मग निरोप घ्यावा.

निरोप द्यायचे काम कोळशाचे, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचे. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो तसा क्लोरीन त्यात अडकत नाही. कोळशाच्या पृष्ठभागावर क्रिया होऊन त्याचे साधे क्लोराईड होते, आणि हे चटकन होते. क्लोरामाईनला जास्त वेळ लागतो. जगातल्या थोड्याशा कोळशातून पाणी भराभर खाली येते, तेव्हा क्लोरीन जातो पण क्लोरामाईन बराचसा तसाच राहतो. त्यासाठी कोळसा जास्त हवा, पाणी हळू जायला हवे, किंवा कॅटॅलिटिक कार्बन नावाचा खास कोळसा हवा. भारतातून फोनवर प्रत्येक काका 'आरओ बसवा' असे सांगतात. पण आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो, म्हणून त्याच्या आधीसुद्धा कार्बनच लावतात! (लिंबू सरबताला वास का येत नाही, हे आम्हाला आता कळले. लिंबातले क जीवनसत्त्व दोघांनाही संपवते.)

आता मुख्य गोष्ट. २००० साली क्लोरामाईन सुरू झाला तेव्हा शहरात हजारो घरांना शिशाच्या पाइपातून पाणी येत होते. क्लोरीनमुळे त्या पाइपांच्या आत शिशाचा एक घट्ट थर बसला होता. क्लोरामाईन त्या मानाने सौम्य, त्यामुळे तो थर टिकेना आणि शिसे पाण्यात उतरू लागले. जानेवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ही बातमी छापली. तपासलेल्या सहा हजारांहून अधिक घरांपैकी चार हजारांहून अधिक घरांत शिसे मर्यादेच्या वर होते. मर्यादा तेव्हा अब्ज भागांत १५ भाग होती. ऑगस्ट २००४ पासून पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालून पाइपात नवा थर बसवला, मग प्रमाण उतरले. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की मधल्या वर्षांत शहरातल्या तान्ह्या मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळण्याचे प्रमाण बरेच चढले होते. शिशाला वास नाही, रंग नाही, चव नाही. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटले तर जास्त दाट होते.

आपला हॉल सोमवार ते शनिवार बंद असतो. म्हणजे पाणी सहा दिवस पाइपात तसेच उभे, आणि रविवारी सकाळी पहिला पेला भरतो तो बालगटच. तिथले पाइप कशाचे आहेत हे आम्ही समितीला विचारले. 'इमारतीच्या लोकांना विचारून सांगतो' असे उत्तर मिळाले. त्याला आता सात आठवडे झाले.

फिल्टरच्या खोक्यावर एनएसएफचे आकडे असतात. ४२ हा चव आणि वासाचा. त्यातही क्लोरामाईन हवा असेल तर तो शब्द वेगळा छापलेला असावा लागतो. शिशासाठी ५३ लागतो, आणि ५३ असला तरी पुढे शिसे लिहिले आहे ना, हे वाचावे लागते. समितीने निवडलेल्या जगावर फक्त ४२ आहे. दोन्ही आकड्यांचा, सिंकखाली बसणारा कार्बन ब्लॉक महाग पडेल हे आम्हाला कळते. पण बाटल्यांचे पैसे वाचणारच आहेत ना? त्यातून कार्ट्रिजचा खर्चही आधीच बाजूला काढावा. मुदत संपलेले कार्ट्रिज वर्षभर तसेच ठेवायचे असेल तर मुळात घेऊ नये. शिवाय क्लोरीन काढलेल्या पाण्याला कोणी राखणदार उरत नाही, म्हणून गाळलेले पाणी या रविवारचे पुढच्या रविवारी प्यायचे नाही.

खरेदीच्याही आधी पाण्याची तपासणी व्हावी. किमान सहा तास बंद असलेल्या नळाचे पहिले पाणी घ्यायचे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बाटली भरायला आम्ही तयार आहोत, फक्त किल्ली कोणीतरी द्यावी. निकाल काहीही आला तरी पुढच्या अंकात जसाच्या तसा छापू.

तोपर्यंत बालगटाच्या पालकांनी मुलांचे पाणी घरून भरून द्यावे, ही विनंती. हॉलचा थंड पाण्याचा नळ वर्गाआधी पाच मिनिटे सोडून ठेवायचे काम आमच्या गटाने घेतले आहे. पाळ्यांचा कागद फळ्याशेजारी लावला आहे. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवतो. दारातल्या झाडांना घालायला कोणीही न्यावी.

— मोठा गट