सोबती आणि साखळी

धर्मराज युधिष्ठिर हिमालयाच्या वाटेने निघाला, तेव्हा अखेरपर्यंत त्याची सोबत केली ती एका कुत्र्याने. कुत्र्यासारखा इमानी सोबती विरळा!

मुंबईत माहुलच्या खाडीकाठी, ट्रॉम्बेच्या डोंगराजवळ, हिवाळ्याच्या सकाळी अशा सोबत्यासह फिरणे आनंदाचे आहे. परंतु तेथे त्याला मोकळे सोडू नये, असे मला वाटते. हिवाळ्यात कच्छच्या रणासारख्या दूरच्या प्रदेशांतून रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पक्ष्यांचे गुलाबी थवे तेथे उतरतात. ओहोटी लागली म्हणजे चिखल उघडा पडतो. मग चोच उलटी बुडवून ते त्यातील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातात. भरती आली की पंगत उठली! तेवढ्या अवधीत कुत्रा भुंकत धावला, तर सारा थवा उडतो. घासही जातो आणि बळही जाते.

कोणी म्हणेल, मुक्या प्राण्याला बांधणे ही क्रूरता नव्हे काय? मुलांनो, पाहुणे जेवत असता घरातील धाकट्याला आपण आवरतोच ना? कुत्र्याला मैदानावर खुशाल धावू द्यावे. खाडीकाठी मात्र साखळी आपल्या हाती असावी. आपल्या प्राण्यावर माया करणाऱ्याने परक्या जिवाचीही काळजी वाहावी. युधिष्ठिराने ज्याच्यासाठी स्वर्गही नाकारला, तो कुत्रा तरी त्याने पाळलेला कोठे होता?