पायलट व्हायचंय? आधी मेडिकल, मग फी!

माधवनगरजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षे बंद आहे. त्यामुळे इथल्या मुलांना विमान शिकायला बारामती, धुळे किंवा गोंदिया गाठावं लागतं. पण त्याआधी ठरवायचं असतं, की परवाना कोणता घ्यायचा?

अमेरिकेत हौशी वैमानिकांसाठी किमान ३० तासांचा ‘रिक्रिएशनल’ परवाना मिळतो. भारतात त्या नावाचा परवाना नाही. नेहमीचं छोटं विमान हौसेनं उडवायचं असेल, तर प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) घ्यावं लागतं.

पीपीएल : वय किमान १७, दहावी पास, ४० तास उड्डाण, क्लास २ मेडिकल. मित्रांना घेऊन उडता येतं, पण त्याचा मोबदला घेता येत नाही.

सीपीएल (कमर्शियल) : वय किमान १८, २०० तास उड्डाण, क्लास १ मेडिकल. नोकरी करायची तर हेच हवं.

खर्च किती? तासाला १५ हजार रुपये धरले, तर पीपीएलचं उड्डाणच ६ लाखांचं आणि सीपीएलचं ३० लाखांचं होतं. राहणं, जेवण, परीक्षा वेगळ्या. पीपीएलचे तास मात्र वाया जात नाहीत, ते सीपीएलच्या २०० तासांत धरले जातात.

खरी मेख मेडिकलमध्ये आहे. चष्मा असला म्हणून लगेच अडत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष नोकरीचं स्वप्न मोडू शकतो. तो फी भरल्यावर कळला, तर कर्ज मात्र घराच्या डोक्यावर राहतं. म्हणून नोकरीच करायची असेल, तर डीजीसीएमान्य डॉक्टरांकडून आधी क्लास २, मग क्लास १ तपासणी करून घ्या. शेत किंवा घर गहाण ठेवायचा विचार त्यानंतर.